पशुवैद्यक होऊ पाहणारी मुले आणि त्यांचे पालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या उपनगरातील माझ्या दवाखान्यात कुत्र्याला किंवा मांजराला घेऊन आलेल्या कुटुंबातील एखादे मूल उपचार संपल्यावरही टेबलाजवळ रेंगाळते, आणि मग आई किंवा वडील थोड्या संकोचाने विचारतात, की हिला जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे, तर आतापासून काय करावे? दाराबाहेर पुढचे रुग्ण ताटकळत असताना या प्रश्नाचे उत्तर नेहमीच अपुरे राहते. म्हणून असे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे सवडीने लिहिली आहेत.

आमच्या मुलीला प्राण्यांची फार माया आहे. एवढे पुरेसे आहे का?

माया हवीच, ती नसेल तर या व्यवसायातील कष्ट सोसवत नाहीत. परंतु पशुवैद्यकाचा रुग्ण मुका असतो. कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे तो सांगू शकत नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस बहुधा "कालपासून खात नाही हो" यापलीकडे फारसे काही सांगत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती नीट पाहण्याची, पाहिलेले मोजण्याची आणि मोजलेले लिहून ठेवण्याची सवय. ही सवय कोणत्याही शिकवणीत मिळत नाही, ती लहानपणीच लागते, आणि लवकर तयारी करणे याचा खरा अर्थ माझ्या मते एवढाच आहे.

एक उदाहरण सांगतो. सहावीतील एका मुलीने आपल्या बोक्याला आईसोबत दवाखान्यात आणले होते. बोक्याला बद्धकोष्ठ झाला आहे असे आईचे म्हणणे होते, कारण तो वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथत होता. मुलीने मात्र वहीत लिहून ठेवले होते, की सकाळपासून तो ११ वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला, दोनदा थेंबभर लघवी झाली आणि शौच आदल्या रात्री व्यवस्थित झाली होती. ती नोंद वाचताच लघवीचा मार्ग तुंबल्याची शंका आली आणि तपासणीत ती खरी ठरली. बोक्यांमध्ये हा विकार एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. त्या दिवशी बोका वाचला, यात त्या वहीचा वाटा मोठा होता.

आम्ही एका खोलीच्या घरात राहतो. प्राणी पाळणे शक्य नाही. मग मुलाने शिकायचे कसे?

हा प्रश्न मुंबईत सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्यामागची खंत मला कळते. प्राणी पाळल्याशिवाय पशुवैद्यक होता येत नाही, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. घरात जागा नसताना केवळ मुलाच्या हट्टासाठी कुत्रा आणणे हा त्या कुत्र्यावरच अन्याय आहे.

खिडकीबाहेर पाहावे. वळचणीला घरटे करणारी कबुतरे आपल्या पिल्लांना पहिल्या दिवसांत दाणे भरवत नाहीत. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा स्राव तयार होतो आणि तो पिल्लांना भरवला जातो. ही गोष्ट पुस्तकात वाचण्याआधी मुलाने लांबून पाहिली तर ती त्याच्या कायमची लक्षात राहील. मात्र कबुतरांना दाणे टाकून जवळ बोलावू नये आणि त्यांची विष्ठा साचलेल्या जागी मुलाला बसू देऊ नये, कारण त्या धुळीने फुफ्फुसांचे गंभीर विकार होतात. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष ठेवले, तर कोकिळा आपले अंडे तेथे कसे ठेवते आणि कावळ्याची जोडी ते परके पिल्लू कसे वाढवते, हेही दिसू शकते. मासळी बाजारातील मांजरे, भिंतीवरची शेपूट टाकून पळणारी पाल, इमारतीच्या दारात झोपणारा कुत्रा, हे सगळे शिक्षकच आहेत. झोपलेल्या कुत्र्याच्या बरगड्या मिनिटाला किती वेळा वर-खाली होतात, हे त्याला हात न लावता चार पावलांवरून मोजता येते. निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण १० ते ३० असतो. तोच कुत्रा मे महिन्याच्या दुपारी धापा टाकत असताना पुन्हा मोजावा आणि फरक का पडला याचा विचार करावा.

आणखी थोडी तसदी घेता आली, तर गोरेगावला आरेच्या बाजूला एखाद्या तबेल्यात मालकाची रीतसर परवानगी घेऊन जावे. म्हैस रवंथ करताना पोटातून वर आलेला एक घास किती वेळा चघळते, हे मुलाने मोजावे. बहुतेकदा ४० ते ६० च्या दरम्यान संख्या येते. त्यानंतर गिळल्यावर पुढचा घास गळ्यातून वर येताना स्पष्ट दिसतो. गाय-म्हशीला समोरचे वरचे दात नसतात, तेथे केवळ कडक हिरडी असते, हे पाहून मुले चकित होतात. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी असतात, म्हणून तिला उन्हाळ्यात पाण्यात डुंबणे किंवा अंगावर पाणी मारून घेणे ही चैन नसून गरज असते. तबेल्यातील भय्या दुपारी पाइप घेऊन म्हशींना भिजवत असतो त्याचे कारण हे आहे. त्या भय्यांशी मुलाला बोलू द्यावे. कोणती म्हैस आज दूध कमी देईल, हे तिच्या चालीवरून ओळखणारी माणसे तेथे भेटतात, आणि त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

कोणत्या वयापासून तयारी सुरू करावी?

पाहण्याची आणि लिहिण्याची सवय दुसरी-तिसरीपासून लावता येते. त्या वयात अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, गुण यांचा उल्लेखही नको. पाचवी ते आठवी या काळात चित्रे काढणे, सांगाड्यांची तुलना करणे, आणि घरी किंवा शेजारी एखादा प्राणी असेल तर त्याचे खाणे, पाणी, लसीकरण आणि वजन यांची नोंद ठेवणे सुरू करावे. नववीनंतर विज्ञानाचा पाया पक्का करण्याकडे लक्ष द्यावे, आणि अकरावी-बारावीत प्रवेश परीक्षेचा अभ्यास मन लावून करावा. आठवीतील मुलाला नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीत घालणे मला पटत नाही. त्या वयात निर्माण झालेला कंटाळा पुढे जात नाही.

गणित कच्चे आहे, जीवशास्त्र आवडते. चालेल का?

चालवून घेऊ नये. पशुवैद्यकाच्या हाताखालून एका सकाळी दीड किलोचे मांजराचे पिल्लू आणि चारशे किलोंची गाय जाऊ शकते, आणि औषधाची मात्रा प्रत्येक वेळी वजनावरून काढावी लागते. एखादे औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायचे असेल, कुत्रा १२ किलोंचा असेल आणि गोळी २० मिलिग्रॅमची असेल, तर तीन गोळ्या लागतील, हे त्रैराशिक सातवीच्या मुलाला जमते. दशांशचिन्ह एका घराने सरकले तर मात्र रुग्ण दगावू शकतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांनाही टाळता येत नाही, कारण प्रवेश परीक्षेत त्यांचे गुण असतातच.

याच ओघात एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. वजनाचे गणित जमले म्हणून माणसांची औषधे प्राण्यांना देता येत नाहीत. तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चॉकलेट, कांदा आणि द्राक्षे कुत्र्यांना घातक ठरतात.

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाला हा अभ्यासक्रम झेपेल का?

झेपतो. महाराष्ट्रातील कितीतरी उत्तम पशुवैद्यक मराठी शाळांतून आलेले आहेत. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही देता येते. पदवीचा अभ्यास मात्र इंग्रजीतून असल्याने आठवी-नववीपासून विज्ञानाच्या संज्ञा दोन्ही भाषांतून समजून घ्याव्यात. उलट, गावाकडे काम करताना लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, गोचीड, पोटफुगी हे शब्द ज्याच्या तोंडी सहज आहेत, त्याच्यावर पशुपालकाचा विश्वास लवकर बसतो. इंग्रजी माध्यमातील मुंबईकर मुलांनी हे शब्द मुद्दाम शिकावेत, असे मी सुचवीन.

पदवी कोणती, किती वर्षांची, आणि प्रवेश कसा मिळतो?

पदवीचे नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकीय शास्त्र व पशुसंवर्धन. ती साडेपाच वर्षांची असून त्यात शेवटच्या एका वर्षाच्या आंतरवासितेचा (इंटर्नशिपचा) समावेश आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. नीट ७२० गुणांची असून त्यातील ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. आरक्षण आणि पात्रतेचे तपशील बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी.

महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. त्याची पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, सातारा जिल्ह्यातील शिरवळ आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे आहेत. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. त्याच्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने चालणारे जनावरांचे रुग्णालय आहे, ज्याला परळ-लालबागची जुनी माणसे आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते नाव पडले त्या काळी शहराची वाहतूक बैलगाड्या आणि घोडागाड्यांवर चालत होती. मुलाला एकदा त्या फाटकापर्यंत तरी घेऊन जावे.

पदवीनंतर भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणी झाल्यावरच व्यवसाय करता येतो.

हा व्यवसाय म्हणजे कुत्र्या-मांजरांचा दवाखानाच ना?

शहरात राहणाऱ्यांचा असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु मुंबईतच या कामाची किती रूपे आहेत ती पाहावी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनपासून वाघापर्यंत प्राण्यांची काळजी घेणारे पशुवैद्यक आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायबंदी बिबट्यांवर उपचार होतात, आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांचे डॉक्टर असतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याच्या पोटदुखीकडे किती गांभीर्याने पाहावे लागते, हे त्यांना विचारावे. परळच्याच हाफकिन संस्थेची ओळख सापाच्या विषावरील लसीसाठी आहे. ही प्रतिविष लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि त्या घोड्यांचे आरोग्य पशुवैद्यकच सांभाळतो. आंतरवासितेनंतर लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. लष्करात तर १७७९ साली मूळ धरलेले रिमाउंट व्हेटरनरी कोअर हे स्वतंत्र दल आहे. २०२२ मध्ये राज्यात लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा गोठ्यागोठ्यांत जाऊन गायी-बैलांना लस टोचणारे हात पशुसंवर्धन खात्यातील पशुवैद्यकांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचेच होते.

या कामाचा पसारा मुलांना समजावताना मी गिधाडांची हकिगत सांगतो. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीत पिढ्यान्‌पिढ्या गिधाडांचे स्थान होते. १९९० च्या दशकात देशभरातील गिधाडे झपाट्याने मरू लागली आणि काही जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. सुरुवातीला एखाद्या साथीची शंका घेतली गेली. २००४ मध्ये कारण उघड झाले : गुरांना वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसात उरत होते आणि ते खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम हे औषध पर्याय म्हणून पुढे आले. एका गायीला टोचलेल्या सुईचा परिणाम आकाशातील पक्ष्यापर्यंत आणि एका समाजाच्या शेवटच्या संस्कारापर्यंत पोहोचतो, हे कळलेल्या मुलाला पशुवैद्यकशास्त्र म्हणजे काय ते निम्मे कळले, असे मी मानतो.

आमचे घर शाकाहारी आहे. शवविच्छेदन, कत्तलखाना असे काही करावे लागते का?

होय, आणि हे मुलापासून लपवू नये. पहिल्याच वर्षी मृत जनावरांच्या शरीररचनेचा अभ्यास करावा लागतो, पुढे शवविच्छेदन करावे लागते, आणि मांसतपासणी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. देवनारच्या पशुवधगृहात जनावर कत्तलीपूर्वी आणि मांस कत्तलीनंतर तपासणारा अधिकारी पशुवैद्यकच असतो. रोगट मांस लोकांच्या ताटात जाऊ नये आणि जनावराचे हाल होऊ नयेत, ही जबाबदारी त्याची असते. अनेक शाकाहारी विद्यार्थी हे काम निष्ठेने शिकतात. तरीही ज्या मुलाला याची कल्पना बारावीनंतर प्रथमच येते त्याची फार ओढाताण होते, म्हणून नववी-दहावीत घरात यावर मोकळे बोलणे झालेले बरे.

मुलींना बैल, घोडा अशी मोठी जनावरे आवरतील का?

आवरतात. पाचशे किलोंच्या बैलापुढे पैलवानाचेही बळ चालत नाही. तेथे वेसण, दोर, खोडा आणि जनावराच्या नजरेची जाण कामी येते. दोराच्या गाठी मुलींनी आणि मुलांनी लहानपणीच शिकाव्यात, विशेषतः ताण पडला तरी आवळत न जाणारी आणि एका झटक्यात सुटणारी गाठ. स्काउट-गाइडमध्ये त्या शिकवल्या जातात.

रक्त पाहून चक्कर येते.

बहुतेकांची ही भीती सरावाने जाते. केवळ तेवढ्या कारणाने विचार सोडू नये.

प्राण्यांजवळ राहून मुलाला आजार होणार नाहीत ना?

काळजी घेतली नाही तर होऊ शकतात, म्हणून स्वच्छतेचे आणि सावधगिरीचे नियम ही या व्यवसायाची पहिली पायरी समजावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रा, मांजर किंवा माकड चावले अथवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, मिरची, चुना यांपैकी काहीही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. मार खाण्याच्या भीतीने मुले चावा लपवतात, म्हणून घरात असे सांगून ठेवावे, की चावल्याबद्दल कोणी रागावणार नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, कुत्रे आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या बारीक खरचटीतूनही शरीरात शिरतात. पावसाळ्यात तबेल्याची भेट टाळावी, किंवा गमबूट घालूनच जावे. अनोळखी प्राण्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या प्राण्यापासून दूर राहावे.

मुलाला सुटीत एखाद्या दवाखान्यात पाठवता येईल का?

डॉक्टरांची संमती असेल तर निरीक्षणासाठी जरूर पाठवावे, परंतु प्राणी धरणे, इंजेक्शन भरणे अशी कामे शाळकरी मुलांकडून करवून घेऊ नयेत. वजनाची नोंद करणे, टेबल पुसणे, लसीकरणाच्या कार्डावरील तारखा तपासणे यांतून पुष्कळ शिकता येते. मुलाने मालकांकडेही लक्ष द्यावे. घाबरलेल्या वृद्धेला डॉक्टर कसे समजावतात, खर्चाची गोष्ट कशी काढतात, वाईट बातमी कशी देतात, हे पाहण्यासारखे असते. माणसांचा कंटाळा आहे म्हणून प्राण्यांकडे वळायचे आहे, असे काही मुले सांगतात, आणि त्यांना मला स्पष्ट सांगावे लागते, की दिवसातला निम्मा वेळ माणसांशी बोलण्यातच जातो. फोर्टमधील बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ पासूनची संस्था निसर्गभ्रमंती आणि पक्षिनिरीक्षणाचे कार्यक्रम घेते. त्यांचाही लाभ घ्यावा.

घरातला कुत्रा गेला आणि मुलगा आता डॉक्टर व्हायचे नाही म्हणतो. काय करावे?

त्याला शोक करू द्यावा आणि लगेच दुसरे पिल्लू आणू नये. कुत्रा "गावाला गेला" असे खोटे सांगू नये. असाध्य वेदनेतून सोडवण्यासाठी दयामरण दिले असेल, तर तेही मुलाच्या वयाला समजेल अशा शब्दांत खरे सांगावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी त्याची एकदा भेट घालून द्यावी. आजार काय होता, कोणते उपाय केले आणि ते का पुरे पडले नाहीत, हे त्यांच्याकडून ऐकताना काही मुलांची उत्सुकता पुन्हा जागी झालेली मी पाहिली आहे. जागी झाली नाही, तरी काही बिघडत नाही.

नीटमध्ये गुण कमी पडले तर सगळे वाया गेले का?

नाही. दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान या पदव्या त्याच विद्यापीठात आहेत. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येते, तर अंधेरीला वर्सोव्याजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पशुसंवर्धनातील पदविका अभ्यासक्रम करून गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतही काम करता येते, आणि ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही.

संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेला पक्षी सापडला, तर मुलाने काय करावे?

आधी मोठ्या माणसाला हाक मारावी. पंखात रुतलेला मांजा ओढू नये, कारण ओढल्याने तो स्नायूंत आणखी खोल जातो. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना थोडा दोरा ठेवून तो कात्रीने कापावा. मऊ सुती कापड पक्ष्याच्या डोक्यावरून अलगद टाकले की अंधारामुळे तो शांत होतो. घार किंवा घुबड असेल, तर नख्यांपासून जपावे आणि ते काम मोठ्यांवरच सोपवावे. पक्ष्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. चोचीत पाणी किंवा दूध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरू शकतो. त्यानंतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा पक्ष्याला परळच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी न्यावे. पोपट, घार, घुबड हे वन्यजीव असल्याने बरे झाल्यावरही त्यांना घरी ठेवून घेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

पक्षी कुठे, किती वाजता आणि कोणत्या स्थितीत सापडला, हे मुलाने वहीत लिहून डॉक्टरांना वाचून दाखवावे. पक्षी दाखल करून घेतला, तर मिळालेला नोंदणी क्रमांकही त्याच पानावर उतरवून घ्यावा आणि आठवड्याभराने दूरध्वनी करून त्या पक्ष्याचे पुढे काय झाले, हे मुलाने स्वतः विचारून तेथेच लिहावे.